आपल्या पायांनी चालणारी तोफ

जर्मन लष्कराच्या नमुन्यावर मांडलेलं स्वयंपाकघर मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि मला तिथेच दोन वेळा जेवायचं होतं.

रोह्याहून बदली होऊन मी चौलच्या मुलींच्या शाळेत रुजू झाले त्या वेळची ही गोष्ट. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, आमचा जिल्हा अजून कुलाबाच म्हणवला जात होता, आणि एकट्या मास्तरणीला खोली द्यायला अख्ख्या गावात फक्त आक्का तयार झाली होती. आक्का म्हणजे समुद्राच्या अंगाला सुपारीची वाडी असलेली एक विधवा बाई. मूलबाळ नाही. घरात ती आणि फौजेतून परत आलेला तिचा धाकटा भाऊ. मी ट्रंक उचलून ओटीवरून आत पाऊल टाकलं आणि धुराने माझे डोळे गच्च मिटले. माजघराच्या बरोब्बर मधोमध चूल पेटलेली होती. जिथे माणसं बसतात, निजतात, पाहुण्याला पाट मांडतात, तिथे भात रटरटत होता.

"भिऊ नको बाय," धुरातून आक्काचा आवाज आला. "आग न्हाय लागली. माज्या भावानं इंजिन मधी आनलंय."

भावाला नाव होतं, पण गाव त्याला हवालदार म्हणे, म्हणून मीही हवालदारच म्हणत आले. बेताची उंची, बारा महिने खाकी अर्धी चड्डी, आणि मिशा अशा की डावी उजवीपेक्षा जरा लांब. ते मागच्या दाराने आत आले, मला कडक सलाम ठोकला आणि नव्या भाडेकरणीला घर समजावून सांगायला लागले.

"बाई, चूल मागं असली की मागची समदी जागा खाती. इंजिन मधी घेतलं की मागं तोफेला जागा व्हते."

"घरात तोफ आहे?" मी घाबरून विचारलं.

"आज न्हाय," हवालदार म्हणाले. "पन जागा असावी."

मागे डोकावले तर खऱ्या स्वयंपाकघरात नट-बोल्टांचे पाने, हातोडे, एक मोठा शेगडा आणि कसल्या तरी मोटारीचं चाक ठेवलेलं होतं. त्या शेगड्यावर चहा चांगला झाला असता, पण त्याला हात लावायची आक्कालाही परवानगी नव्हती.

या सगळ्याच्या मुळाशी एक गांधीलमाशी होती. हवालदार महायुद्धात फौजेच्या वर्कशॉपात फिटर होते. इटलीत असताना जर्मनांची एक चालती तोफ साबूत हाती लागली आणि ती उघडून आतलं सगळं पाहण्याचं काम त्यांच्या टोळीवर आलं. त्या तोफेचं नाव वेस्पे. जर्मन भाषेत त्याचा अर्थ गांधीलमाशी. तिच्या कारखान्यात काम केलेला एक जर्मन फिटर कैद्यांत होता, त्याला मदतीला दिलं. त्याची भाषा ह्यांना येत नव्हती, ह्यांची त्याला येत नव्हती. पाना दोघांनाही येत होता. ते दोघं त्या गांधीलमाशीच्या पोटात काही आठवडे राहिले, आणि माझं स्पष्ट मत असं की हवालदार त्यातून पुरते बाहेर कधी आलेच नाहीत.

ती तोफ कशी घडली हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि मला ताप आला होता तेव्हा उशाशी बसून सांगितलं. जर्मनांकडे एक जुना हलका रणगाडा होता. युद्ध पुढे सरकलं तसा तो लढाईत कुचकामी ठरला. तोफ लहान, पत्रा पातळ. दुसरा कुणी असता तर त्याने तो भंगारात काढला असता. जर्मनांनी पाहिलं, वरचं डोकं बाद आहे पण पाय, म्हणजे खालची चेसी, धड आहेत. त्यांनी डोकं उतरवलं. मागे असलेलं इंजिन उचलून मधे घेतलं. पुढे एका खोपटात एकटा ड्रायव्हर बसवला. आणि मागे जी मोकळी जागा झाली तिथे एक भली मोठी तोफ चढवली, तोंड पुढच्या दिशेला करून. वर छप्पर नाही, बाजूला बोटाएवढा पत्रा. आधी अशी तोफ ओढायला घोडे लागत किंवा गाडी लागे. आता ती स्वतःच्या पायांनी चालायला लागली. पोलंडातल्या कारखान्यात अशा शेकड्यांनी झाल्या.

"डिझाइन बगा, बाई," ते म्हणत. "नवं कायच न्हाय. हाय त्याच्यावर हाय ते बसवलं. आक्कल लागती ती बसवायला."

जगातल्या कुठल्याही प्रश्नाला हवालदारांचं हे एकच उत्तर होतं. बाद झालेलं काही नसतं, वरचं बदला. आमच्या मुख्याध्यापिका फार चिडक्या होत्या. त्यांच्याबद्दल मी एकदा कुरकुर केली तर ते गंभीरपणे म्हणाले, "चेसी चांगली हाय त्यांची. वरचं बदललं की झालं." स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की म्हणत, "डिझाइन तयार हाय, प्रॉडक्शन अडलंय." ते कुणी अडवलंय असं विचारलं तर मिशीचं डावं टोक चावत. आक्काने माझ्या कानात सांगितलं, की रेवदंड्याच्या एका स्थळाकडच्यांनी मुलाचं घर बघायला म्हणून ओटीवरून आत पाऊल टाकलं, धूर बघून ते तसेच मागे फिरले, आणि वाटेत त्यांनी कुणाच्या तरी घरी दुःखाने सांगितलं की पोरगा बरा होता, पण घर पेटलं.

शिवणयंत्राच्या पायडलवर त्यांनी खवणी बसवली होती. पाय मारले की नारळ आपोआप खवला जाई. खवला जाई हे खरं, पण खोबऱ्याचा चव ताटात न पडता आक्काच्या अंबाड्यात पडे. अंगणातलं तुळशीवृंदावन त्यांनी एका छकड्याच्या चाकांवर चढवलं, कारण फणसाच्या सावलीत तिला ऊन पुरत नव्हतं. आक्का सकाळी हळदीकुंकू घेऊन अंगणात आली तर तुळस जागेवर नाही. उतारावरून ती आपली आपण शेजाऱ्याच्या गोठ्यापर्यंत गेली होती आणि तिथली म्हैस तिची मंजिरी खात होती.

"देवाला चाकं लावतोस, मेल्या!" आक्का ओरडली.

"रथाला न्हाईत?" हवालदार म्हणाले. आक्काने पूजेची पळी फेकून मारली.

या बहीणभावांचं भांडण ऐकणं हा माझ्या त्या वर्षांतला मोठा विरंगुळा होता. पण आक्का भावावर जीव टाकत असे. तो लढाईवर होता तेव्हा तिने सगळे उपास केले होते, आणि तो जिवंत परतला यात स्वतःचा वाटा किती हे ती गावात मोठ्या अभिमानाने सांगे. तिची अडचण एवढीच होती, की तो परत आला तो सगळाच्या सगळा परत आला नव्हता.

आता वाडीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. सुपारीचं झाड फार नाजूक. उन्हाळ्यात त्याला पाणी नियमित लागतं. काही दिवस चुकलं की शेंडा पिवळा पडतो, मग माना टाकतं, आणि एकदा मान टाकलेलं झाड पुन्हा उभं राहत नाही. नवीन लावलं तर फळ धरायला कित्येक वर्षं जातात. आक्काच्या नवऱ्याने ती वाडी लावली आणि तिचं पहिलं पीक येण्याआधी तो गेला. तेव्हापासून आक्काचं पोट, घराची शाकारणी, सणवार, सगळं त्या झाडांवर. वाडी गेली असती तर आक्काला दुसऱ्याच्या वाडीत सुपाऱ्या सोलायला जावं लागलं असतं, आणि ती मानी बाई होती.

पाणी काढायचं ते रहाटाने. विहिरीवर लाकडी रहाट, त्यावर मडक्यांची माळ, आणि तो फिरवायला डोळ्यांवर झापडं बांधलेला रेडा. पहाटे सगळ्या वाड्यांचे रहाट कुरकुरायला लागत आणि ऊन चढलं की एकेक थांबत जात. आक्काच्या रेड्याचं नाव काळू. काळू आळशी होता. चार फेऱ्या मारायचा, थांबायचा, फुस्स करायचा, आक्का शिव्या द्यायची, मग पुन्हा चार फेऱ्या. हवालदारांना काळूचा मनस्वी राग होता. फौजेत अशी शिस्त चालत नाही म्हणायचे.

एक दिवस ते माझ्याकडून खडू मागून घेऊन गेले. संध्याकाळी पाहिलं तर मागची पडवी या टोकापासून त्या टोकापर्यंत नकाशाने भरली होती. गांधीलमाशीच होती ती, पण तोफेच्या जागी पंप होता.

"आपल्या पायांनी चालनारा पंप," हवालदार म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "इंजिन समदे घेतात, बाई. एका जागेवर रोवून ठेवतात. ही तोफ वाडीवाडीत जाईल. पयली आक्काची वाडी, मंग गावाची."

डिझाइनला तो अख्खा पावसाळा गेला, कारण आक्का दर आठवड्याला पडवी सारवत असे आणि शेण फिरलं की डिझाइन पुन्हा पहिल्यापासून सुरू. हवालदार तक्रार करत नसत. प्रत्येक सारवणानंतर पंप थोडा मोठा होई. माझे खडू मात्र संपत आले आणि मुख्याध्यापिकांनी मला विचारलं, की तुमच्या वर्गातल्या मुली खडू खातात का.

प्रॉडक्शनसाठी चेसी लागत होती. ती रेवदंड्याला मिळाली. सरकारी गाड्या सुरू होण्याआधी तिथल्या एका गुजराती शेठची सर्विस मोटार चालत असे. ती बंद पडून चिंचेखाली उभी होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. हवालदारांनी मागितली तर शेठने हात जोडले. "लई जाव भाई, आजे ज लई जाव. कोंबड्या पण लई जाव." आमच्याकडे ती मोटार दोन बैलजोड्यांनी ओढत आणली. आपल्या पायांनी चालणाऱ्या तोफेचं हे आगमन पाहायला पाखाडीच्या चिरेबंदी गल्लीत सारं गाव दुतर्फा उभं होतं, आणि जो तो विचारत होता, हवालदार, पाय कुठं हायत.

मग कामाला सुरुवात झाली. जोडीला गावचा एक लोहार. मोटारीचं इंजिन पुढे होतं, ते त्यांनी उचकटलं आणि मधे न्यायला घेतलं. मी साधी मास्तरीण, पण मलाही एक शंका आली.

"हवालदार, जर्मनांचं इंजिन मागे होतं म्हणून त्यांनी मधे आणलं. तुमचं तर पुढेच होतं. मागे जागा होतीच की."

हवालदारांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बाई, इंजिन मधी असतं," ते म्हणाले, आणि ते मधेच गेलं. ड्रायव्हरसाठी पुढे पत्र्याचं खोपट झालं. त्यात बसलं की मागचं इंजिन पाठ भाजून काढी. भंगारातून आणलेला पंप मागे चढला. पाणी ओढायचा पाइप खरं तर मागच्या बाजूला काढला असता तर सोपं झालं असतं. पण तोफेचं तोंड पुढे असतं, म्हणून पाइपही पुढे आला, इंजिनावरून, ड्रायव्हरच्या डोक्यावरून, गाडीच्या नाकाच्याही पुढे. लांबून पाहिलं तर खरोखरच तोफ दिसत होती. पाखाडीतली कुत्री तिला पाहून भुंकत नसत, नुसती बाजूला होत.

आणि पंपाच्या बैठकीला भक्कम सागवानी लाकूड हवं होतं. ते गावात एकाच ठिकाणी होतं. आक्काच्या रहाटात.

त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा आक्का विहिरीच्या काठावर बसली होती. रहाट उतरवून जमिनीवर आडवा घातला होता. मडक्यांची माळ बाजूला पडली होती.

"तो म्हनतो, तोफेचं नाक विहिरीत जायला रहाट आडवा येतो," आक्का म्हणाली. "आनि काळूला आता काम न्हाय, त्याला नागावला दिला." तिने मडक्यांची माळ जवळ ओढली. "बाय, तू शिकलेली हायस. चालंल ना गं ह्याचं?"

मला यंत्रातलं ओ का ठो कळत नव्हतं. तरी मी चालेल म्हटलं, कारण दुसरं काय म्हणणार.

चैत्र लागला तरी गाडी सुरू होईना. आम्ही तिघं पोहऱ्याने पाणी शेंदत होतो. माझे तळहात सोलले. शेवटच्या ओळीतल्या झाडांचे शेंडे पिवळे दिसायला लागले तशी आक्का जेवेनाशी झाली. हवालदार मात्र म्हणत, प्रॉडक्शनला उशीर जर्मनांनाही व्हायचा.

आणि एके सकाळी ती सुरू झाली. धडाडधड आवाजाने माझ्या वर्गातल्या मुली बाकाखाली शिरल्या. मी शाळा तशीच टाकून धावले. अर्धा गाव वाडीच्या बांधावर होता. अरुंद पाखाडीतून, दोन्ही बाजूंच्या कुंपणांच्या चिऱ्याच्या गडग्यांना घासत, तोफ सरळ विहिरीवर आली आणि तिने पाण्यात नाक घातलं. वळायची गरजच पडली नाही. पाइप पुढे काढल्याबद्दल आम्ही सगळे त्यांना इतके दिवस हसत होतो, आणि तो मागे असता तर गाडी त्या वाडीत कधीच लागली नसती. हवालदारांना ते आधी माहीत होतं का, हे मला आजवर ठाऊक नाही. आक्काने तोफेला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. मला हवालदारांनी गाडीच्या मागे उभं केलं. क्रूमध्ये पाच माणसं लागतात, त्यातली मी वायरलेस. माझं काम होतं "आलं, आलं" असं ओरडायचं.

पाणी आलं ते असं आलं की झाडांकडे जाणारे पाण्याचे दांड फुटून वाहायला लागले. काळू अख्ख्या सकाळभर जेवढं काढायचा तेवढं चहा उकळेपर्यंत निघालं. पोरं चिखलात लोळली. म्हातारे बांधावरून उतरून पाण्यात पाय घालून बसले. हवालदार खोपटातून बाहेर आले, पाठ भाजून लाल झालेली, आणि त्यांनी आधी तोफेला सलाम केला, मग बहिणीला. आक्काने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर हवालदारांना कुणी आवरू शकेना. दिवसातून दोनदा ते विहीर तळापर्यंत उपसत. बघायला कुणी आलं की तिसऱ्यांदा. लोक लांबून येत होते, थळहून, नागावहून, आणि आलेल्या माणसाला तोफ डागून दाखवल्याशिवाय ते सोडत नसत. झाडांचे शेंडे हिरवे झाले. शेजारच्या वाड्यांचे मालक आपल्याकडे कधी आणता म्हणून विचारायला लागले. आक्का पुन्हा दोन वेळा जेवू लागली. मीही जरा तोऱ्यात होते, वायरलेस म्हणून.

मग डाळ शिजेना.

आक्काने दुकानदाराला शिव्या दिल्या. दुसऱ्या दुकानातून डाळ आणली, तीही शिजेना. चहात दूध घातलं तर ते फाटलं. आक्काने गवळ्याला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ती भांडं घासता घासता थांबली, उठली, विहिरीवर गेली आणि पोहऱ्याने पाणी काढून ओंजळीने तोंडात घेतलं.

तिने ते थुंकलं. मग वाडीतच खाली बसली.

"समिंदर आला," ती म्हणाली. "माज्या विहिरीत समिंदर आला."

हवालदार हसत आले. कसला समुद्र, म्हणाले, समुद्र तिकडं बांधापलीकडं आहे. त्यांनीही ओंजळ भरून तोंडात घेतली. त्यांनी मात्र थुंकलं नाही. ते पाणी तोंडात धरून ते विहिरीत बघत राहिले. फिटर माणूस, बिघाड शोधायची सवय.  मग बोलले ते माझ्याशी किंवा आक्काशी नाही, विहिरीशी.

"गोडं पानी वर असतंय. खाली खारं. हळू काढलं तर झऱ्याला भरायला येळ मिळतोय. काळू चार फेऱ्या मारून थांबायचा." मग मान खाली घालून ते बहिणीकडे वळले. "रेडा दमतो, ते डिझाइन व्हतं, आक्का. मी तोच पुर्जा काढून टाकला."

सुपारीला खारं पाणी म्हणजे विष. विहीर आता बरेच दिवस शांत ठेवायची, हे कळत होतं. पण रहाट राहिला नव्हता, रेडा नव्हता, वैशाख डोक्यावर आलेला, आणि झाडं पाण्याविना किती दिवस थांबणार? हे सगळं आक्काला एका क्षणात दिसलं असावं. तिने भावाला शिव्या दिल्या नाहीत. तेच वाईट झालं. ती त्याच्याशी बोलेनाशीच झाली. ज्या घरात सकाळपासून पळी आणि झारे उडायचे, तिथे भांडं ठेवल्याचाही आवाज येईना. मी दोघांच्या मधे चुलीसारखी बसून जेवत होते.

प्यायला पाणी मी शाळेच्या वाटेवरच्या देवळाच्या तळ्यातून कळशीने आणू लागले. तळ्याचं पाणी गोडं होतं. हवालदार त्याला शिवत नसत. मी भरून ठेवलेला तांब्या तसाच राही. एकदा मी मागच्या दाराने आले तर ते विहिरीवर उभे राहून तेच खारं पाणी पीत होते. घोट घोट, औषध घेतात तसं. ओठ फुटले होते. मी म्हटलं, "हवालदार, हे काय चालवलंय?" त्यांनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. "झाडं हेच प्याली बाई," ते म्हणाले. मी आत येऊन आक्काला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण त्या दिवशी भातात खडे निघाले.

त्यांचं पुढचं पाऊल गावाने पाहिलं. ते तळ्याच्या पंचांकडे गेले. आक्काच्या वाडीला तळ्यातून पाणी द्या म्हणाले. विहिरीची बातमी एव्हाना सगळीकडे झाली होती. पंचांतला म्हातारा म्हणाला, "आक्कासाटी न्या. पन तुजी ती तोफ तळ्याच्या काठाला लावायची न्हाय. घागरीनं भरायचं, काय न्यायचं ते."

घागरीने एवढी वाडी जगवायची म्हणजे तळ्यापासून वाडीपर्यंत माणसांची रांग लावावी लागली असती. हवालदार घरी आले आणि सरळ तोफेवर चढले. पाना घेतला. पंपाच्या बैठकीचा पहिला बोल्ट सोडवायला लागले. गाडीवर पंपही राहील आणि पाणीही, एवढी ताकद त्या म्हाताऱ्या मोटारीत नव्हती.

मी खाली उभी होते. मला फार वाईट वाटलं. त्या पंपासाठी त्यांनी वर्षभर काय काय सोसलं होतं ते मी पाहिलं होतं. थट्टा करायची म्हणून नाही, त्यांना काहीतरी बोलतं करावं म्हणून मी म्हटलं, "तोफ काढून टाकली तर मग गांधीलमाशीत राहिलं काय?"

त्यांचा हात थांबला. कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी नीट बोलले.

"बाई, जर्मनांनी तशा बी केल्या व्हत्या. तीच गाडी, तेच इंजिन, तोफ न्हाय. तोफेच्या जागेवर पत्रा ठोकला आनि आत गोळे भरले. लढाईत तोफ पुढं असायची, तिला गोळे पुरवायला ही मागनं यायची. आमी बी एक धरली व्हती तसली." त्यांनी बोल्ट हातात घेऊन पाहिला. "मी तुमाला त्या कंदी सांगितल्या न्हाईत. तोफ नसलेल्या गाडीचं काय सांगायचं, असं वाटायचं मला."

पंप खाली उतरला. लोहार आला, त्याने बंदरावरून तेलाची रिकामी पिंपं आणली, राखेने आणि उकळत्या पाण्याने घासून काढली. मागे जिथे तोफ होती तिथे ती उभी राहिली. तळ्यावर माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया घागरी घेऊन आल्या होत्या. कुणी बोलावल्या ते मी सांगणार नाही, पण वायरलेसला आवाज चांगला होता. घागरीघागरीने पिंपं भरली. पाठ भाजत, गडग्यांना घासत, हिंदकळणारं पाणी घेऊन ती गाडी वाडीत आली आणि पहिल्या ओळीशी थांबली. आवाज बंद झाला.

आक्का घराच्या मागच्या दारात उभी होती. ती वाडीत आली. शेंडे पिवळे पडले होते, काही झाडांनी माना टाकायला सुरुवात केली होती. ती त्यांच्याकडे न बघता सरळ गाडीपाशी आली. हवालदार खोपटातून उतरले आणि गुन्हेगारासारखे बाजूला उभे राहिले. त्यांनी हातातली घागर पिंपात बुडवली, भरली, आणि पहिल्या झाडाकडे न्यायला निघाले.

"थांब," आक्का म्हणाली.

तिने घागरीत हात घातला. ओंजळभर पाणी काढलं, तोंडात घेतलं. ते तिने तोंडात धरून ठेवलं. मग तिने ते गिळलं.

तिने पुन्हा ओंजळ भरली. भावाच्या फुटलेल्या ओठांसमोर धरली. हवालदारांनी मान हलवून झाडांकडे पाहिलं. आक्काच्या बोटांतून पाणी गळायला लागलं होतं.

"आदी तू पी," ती म्हणाली. "झाडं थांबतील."